काळा घोड्याचे लोखंडी हॉटेल

मुंबईच्या काळा घोडा भागात, महात्मा गांधी मार्गावर उभी असलेली एस्प्लनेड मॅन्शन ही इमारत मुळात वॉटसन्स हॉटेल म्हणून बांधली गेली. तिचे सगळे वजन बिडाचे खांब आणि घडीव लोखंडाच्या तुळया पेलतात. हा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, घडवून, सुट्या भागांत जहाजाने मुंबईला आणला गेला आणि 1867 ते 1869 या काळात जागेवर जोडण्यात आला. माणसांच्या वास्तव्यासाठी बांधलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या बहुमजली लोखंडी सांगाड्याच्या इमारतींपैकी ती जगातील सर्वांत जुन्यांत गणली जाते. मुंबईकरांना मात्र ती दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. भारतातले पहिले चलच्चित्र इथे दाखवले गेले, ही एक; आणि जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला गेला म्हणून ताजमहाल हॉटेल उभे राहिले, ही दुसरी. पहिली पुराव्याने सिद्ध आहे, दुसरी बरीचशी दंतकथा आहे. दोन्हींच्या झगमगाटात त्या सांगाड्याकडे मात्र शंभर वर्षे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही.

हॉटेलच्या जन्माची कारणे मुंबईच्या 1860 नंतरच्या दशकात आहेत. तोवरचे शहर म्हणजे कोट आणि कोटाबाहेरची वस्ती. कोटाला तटबंदी होती, खंदक होता आणि चर्चगेट, अपोलो गेट, बाजारगेट असे दरवाजे होते. तटाबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे ठेवलेले मैदान होते. इंग्रज त्याला एस्प्लनेड म्हणत, मुंबईकर कांपाचे मैदान म्हणत. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 साली प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकातली मुंबई याच जुन्या घडणीची आहे. पुढच्या चार-पाच वर्षांत तिचा दक्षिण भाग ओळखू येणार नाही इतका बदलला. 1862 मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या बार्टल फ्रिअरने तट पाडण्याचा निर्णय अमलात आणला, खंदक बुजवले आणि मैदानाच्या कडेने नव्या इमारतींसाठी भूखंड आखून दिले.

पैसाही त्याच वेळी आला. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालू होते. दक्षिणेकडच्या राज्यांतला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना, म्हणून खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत रोज नव्या बँका आणि कंपन्या निघू लागल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांचे भाग चढ्या भावाने विकले जाऊ लागले. युद्ध संपताच 1865 मध्ये हा सारा डोलारा कोसळला आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. तरी भरभराटीच्या त्या वर्षांत विकल्या गेलेल्या जमिनी आणि आखलेले रस्ते मागे राहिले. काळा घोडा ते चर्चगेट या पट्ट्यात आज दिसणारे शहर त्यांवरच उभे आहे.

एस्प्लनेडचे भूखंड 1864 मध्ये लिलावात निघाले तेव्हा घेणाऱ्यांत जॉन वॉटसन हा व्यापारी होता. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कंबरलंड परगण्यातून आलेला हा माणूस मुंबईत कापडाचा आणि शिवलेल्या कपड्यांचा धंदा करत असे. सुती, रेशमी, लोकरी माल, साहेब लोकांचे पोशाख, मडमांच्या टोप्या हे त्याच्या दुकानाचे भांडवल. मोक्याच्या जागी मोठी पेढी आणि वर राहण्याची सोय, असा त्याचा मूळचा विचार होता. बांधकामाच्या ओघात तो बदलला आणि हॉटेल करायचे ठरले.

या बदलामागे व्यापाऱ्याची अचूक नजर होती. त्या काळी मुंबईत उतरणाऱ्या युरोपीय प्रवाशाची राहण्याची आबाळ होत असे. ओळखीचे कुणी असेल तर त्याच्या बंगल्यावर, क्लबचा सभासद असेल तर क्लबात, नाहीतर माझगाव-भायखळ्याकडच्या हॉटेलांत त्याला जावे लागे. माझगावचे होप हॉल आणि भायखळ्याचे पालनजींचे हॉटेल ही त्यांतली नावाजलेली ठिकाणे, पण ती बंदरापासून आणि कचेऱ्यांपासून दूर होती. कित्येक जण तर एस्प्लनेडवर तंबू ठोकून राहत. पुढे येणारी गर्दी या तुटपुंज्या सोयींत मावणारी नव्हती. नोव्हेंबर 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि इंग्लंडहून येणारी आगबोट थेट मुंबईला लागू लागली. मार्च 1870 मध्ये मुंबईची रेल्वे जबलपूरमार्गे कलकत्त्याच्या रेल्वेला जोडली गेली. युरोपातून हिंदुस्थानात येणाऱ्यासाठी मुंबई आता पहिले बंदर झाली आणि देशाच्या आत जाणाऱ्या आगगाडीचे पहिले स्टेशनही. अपोलो बंदरापासून थोड्याच अंतरावर, तयार खोल्या असलेले मोठे हॉटेल उभे राहिले ते नेमके या वेळी. 1871 साली ते एस्प्लनेड हॉटेल या नावाने सुरू झाले. लोकांच्या तोंडी मात्र मालकाचेच नाव बसले.

इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. सर्वसामान्य वाचकाला हे नाव अपरिचित असले, तरी एकोणिसाव्या शतकातल्या लोखंडी बांधकामाचा इतिहास त्याच्यावाचून लिहिता येत नाही. 1851 च्या लंडन प्रदर्शनासाठी उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या तपशीलवार रेखाटनांत त्याचा हात होता. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावर, मध्ये एकही खांब न घेता सुमारे 73 मीटर रुंदी झाकणारे छप्पर 1868 मध्ये पूर्ण झाले, त्यातही तो बार्लो या अभियंत्याबरोबर होता. थेम्स नदीवरचा अल्बर्ट पूल त्याचाच. म्हणजे सेंट पँक्रसचे छप्पर आणि मुंबईचे हॉटेल ही कामे जवळजवळ एकाच वेळी एकाच माणसाच्या मेजावर होती. मुंबईला मिळालेली ही वास्तू कुठल्या जुन्या नमुन्याची वसाहतीसाठी काढलेली नक्कल नव्हती. त्या वर्षांत लंडनमध्ये जे सर्वांत पुढारलेले तंत्र चालू होते, तेच इथे वापरले गेले. किंबहुना माणसांनी राहायच्या बहुमजली इमारतीसाठी ते इतक्या धीटपणे तिथेही क्वचितच वापरले गेले होते.

हा धीटपणा कशात होता, हे समजून घेण्यासाठी थोडे खोलात जावे लागते. दगडविटांच्या पारंपरिक इमारतीत भिंतच भार पेलते. जितके मजले अधिक, तितकी खालची भिंत जाड, आणि भिंत जाड झाली की खिडक्या लहान होतात व आतली जागा आक्रसते. सांगाड्याच्या इमारतीत भार खांब आणि तुळया घेतात आणि भिंत फक्त आडोशाचे काम करते. आजच्या बहुतेक सिमेंट-काँक्रीटच्या इमारती याच तत्त्वावर उभ्या असतात, त्यामुळे त्यात काही विशेष वाटत नाही. 1867 मध्ये मात्र घरे बांधण्याची ही रीत नव्हती. कापडगिरण्यांत आतले खांब बिडाचे असत, पण बाहेरच्या भिंती जाड विटांच्याच असत आणि बराचसा भार त्यांच्यावरच पडे. इंग्लंडमधल्या शिअरनेस या आरमारी गोदीत 1860 च्या सुमारास चार मजली लोखंडी सांगाड्याचे नौकागार उभे राहिले होते, पण ते होड्या ठेवण्याचे गोदाम होते. ऑर्डिशने मुंबईत हाच विचार राहत्या इमारतीला लावला आणि बाहेरची बाजूसुद्धा लोखंडाच्याच हवाली केली.

लोखंडाच्या दोन जाती इथे आपापल्या स्वभावाप्रमाणे कामाला लावलेल्या आहेत. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यावर वरून मोठा दाब आला तरी ते सोसते, पण ताण पडला तर तडकते. घडीव लोखंड चिवट असते, ते ताण घेते. म्हणून उभे खांब बिडाचे आणि आडव्या तुळया घडीव लोखंडाच्या, अशी वाटणी केलेली आहे. खांब ओततानाच त्यांना नक्षीदार शीर्षे आणि तुळया बसवायच्या खाचा देता येत, त्यामुळे कारखान्यातून निघालेला भाग जागेवर फक्त बोल्टने आवळायचा राहत असे. हे भाग इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या फिनिक्स ओतशाळेत तयार झाले. खांबांच्या मधल्या जागा विटांनी भरल्या. त्या विटांवर मजल्यांचा भार नाही. भार विटांवर नसल्यामुळे बाहेरच्या बाजूने दरवाजे आणि खिडक्या मोकळ्या हाताने ठेवता आल्या आणि प्रत्येक मजल्याला लांबच लांब सज्जा काढता आला. सांगाडा उभा राहत असताना पाहणाऱ्या मुंबईकरांना तो एखाद्या अजस्र पिंजऱ्यासारखा वाटला, अशी नोंद त्या काळच्या छापील मजकुरात सापडते.

सज्जे ही या इमारतीची खरी शोभा आणि मुंबईच्या हवेला दिलेले तिचे सर्वांत समंजस उत्तरही. खोल्यांच्या बाहेरून जाणारे हे रुंद सज्जे ऊन अडवतात, पावसाची झड आत येऊ देत नाहीत आणि पश्चिमेकडून येणारा खारा वारा खोलीपर्यंत पोहोचवतात. तेव्हा समोर आजच्यासारखी दाटी नव्हती; मैदानापलीकडे समुद्र होता. इमारतीच्या मध्यभागी चौक होता, सुमारे 30 मीटर लांब आणि 9 मीटर रुंद. त्यावर काचेचे छत होते आणि खाली नाचगाण्याचे समारंभ होत. तळमजल्यावर उपाहारगृह आणि मद्यालय, वर खोल्या, एकूण सुमारे 130. तळमजला धरून पाच मजल्यांची ही इमारत त्या वेळच्या एस्प्लनेडवर चहूबाजूंनी नजरेत भरे. डेव्हिड ससून वाचनालय 1870 चे, सचिवालय आणि विद्यापीठाचे सभागृह 1874 चे, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय 1878 चे. गॉथिक शैलीतल्या दगडी इमारतींची जी रांग दक्षिण मुंबईची ओळख बनली, ती बहुतेक या लोखंडी हॉटेलच्या नंतरची आहे.

हॉटेलात आतिथ्य होते ते गोऱ्यांचे. हिंदी माणसाला पाहुणा म्हणून तिथे जागा नव्हती. उपाहारगृहात वाढायला इंग्लंडहून आणलेल्या मुली होत्या आणि वॉटसनने इंग्लंडची हवाही आणली असती तर बरे झाले असते, असा विनोद साहेब लोकांत रूढ होता. पण हॉटेल चालत होते ते हिंदी नोकरांच्या श्रमावर. पंखे ओढणारे, पाणी वाहणारे, सामान चढवणारे, स्वयंपाकघरात राबणारे यांची नावे कुठल्याही पाहुण्याच्या रोजनिशीत नाहीत. त्यांचे ओझरते दर्शन एका परदेशी लेखकाने घडवले आहे.

मार्क ट्वेन जानेवारी 1896 मध्ये मुंबईत आला. धंद्यात बुडून डोक्यावर कर्ज झालेले, ते फेडण्यासाठी त्याने जगभर व्याख्यानांचा दौरा काढला होता. मुंबईत तो वॉटसन्समध्ये उतरला. 1897 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनात त्याने सज्ज्यावर येऊन बसणाऱ्या, त्याच्याकडे टक लावून पाहणाऱ्या आणि आपापसांत त्याच्याविषयी चर्चा करणाऱ्या कावळ्यांचे वर्णन केले आहे, आणि ते बरेच प्रसिद्ध आहे. पण त्याच प्रकरणात याहून महत्त्वाचा एक प्रसंग आहे. खोली दाखवायला आलेल्या एका धिप्पाड जर्मन माणसाने, सज्ज्याच्या दाराशी काम करणाऱ्या नोकराला काय चुकले हे सांगण्याआधीच गालावर चपराक दिली. नोकराने ती मुकाट सोसली, चेहऱ्यावर रागाची रेघही उमटली नाही. ट्वेनला त्या क्षणी अमेरिकेच्या दक्षिणेतले आपले बालपण आठवले. गुलामांना असेच मारले जाई आणि पाहणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नसे. चकचकीत हॉटेलांच्या इतिहासात ही चपराक सहसा लिहिली जात नाही. वॉटसन्सच्या बाबतीत ती लिहिली गेली, हे मोलाचे आहे. कारण वर्णभेद तिथे दारावरच्या नियमापुरता नव्हता, रोजच्या व्यवहारात मुरलेला होता, हे तिच्यातून उघड होते. पाहुण्यांच्या दारांबाहेर रात्री जमिनीवर झोपणाऱ्या नोकरांचे आणि पहाटे सुरू होणाऱ्या गलबल्याचे चित्रही त्याने रेखाटले आहे.

1896 सालीच 7 जुलै रोजी याच इमारतीत भारतातील चलच्चित्राचा इतिहास सुरू झाला. ऑगस्त आणि लुई ल्युमिएर या भावांनी 28 डिसेंबर 1895 रोजी पॅरिसच्या ग्राँ काफेमध्ये आपल्या सिनेमॅटोग्राफचा पहिला जाहीर खेळ केला होता. पाठोपाठ त्यांनी यंत्रे देऊन आपली माणसे देशोदेशी धाडली. त्यांतला मारिउस सेस्तिए ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर मुंबईत थांबला. त्याने वॉटसन्समध्ये एक रुपया दराने खेळ लावले. स्थानकात येणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, समुद्रस्नान, भिंत पाडण्याचे काम अशा सहा लहान फिती त्यात होत्या; प्रत्येकीची लांबी जेमतेम मिनिटभराची. पॅरिसनंतर अवघ्या सहा महिन्यांत हे यंत्र मुंबईला आले, याचे श्रेय शहराच्या बंदराला जाते. आगबोटी जिथे थांबत तिथे नव्या वस्तूही उतरत, आणि मुंबई हा पूर्वेकडच्या प्रवासातला अटळ थांबा होता.

एक रुपया ही तेव्हा सामान्य माणसाच्या आवाक्यातली रक्कम नव्हती आणि हॉटेलही सामान्यांचे नव्हते. म्हणूनच आठवड्याभरात, 14 जुलैपासून, खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात हलवले गेले ही घटना पहिल्या खेळाइतकीच महत्त्वाची मानायला हवी. तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत वेगवेगळे दर ठेवले गेले आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळी आसने राखण्यात आली. भारतात चलच्चित्राला खरा प्रेक्षक मिळाला तो या नाट्यगृहात. वॉटसन्सची जागा या इतिहासात उंबरठ्याची आहे.

तो उंबरठा ओलांडणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांचे नाव घेतले जाते. छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या या मराठी माणसाने ल्युमिएरच्या खेळांनी भारावून लंडनहून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला. 1899 मध्ये हँगिंग गार्डनवर झालेली कुस्ती त्यांनी टिपली. गणितात केंब्रिजचे सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1901 च्या डिसेंबरात मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रणही सावेदादांनी केले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा, त्यामुळे मराठी माणसाचे चलच्चित्राशी नाते सहसा तिथून मोजले जाते. ते त्याहून चौदा वर्षे जुने आहे.

वॉटसन्समधल्या खेळांनंतर दोन-तीन महिन्यांतच मुंबईवर प्लेगचे संकट आले. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी या रोगाचे निदान केले. शहर सोडून लोकांचे लोंढे बाहेर पडले, व्यापार मंदावला, परदेशी बंदरांनी मुंबईहून येणाऱ्या जहाजांवर निर्बंध घातले. प्रवाशांवर जगणाऱ्या हॉटेलांना याची झळ लागणे साहजिकच होते. जमशेटजी टाटांच्या मनातल्या भव्य हॉटेलची पार्श्वभूमी हीच आहे. वॉटसन्सच्या दारात झालेला अपमान त्यांना जिव्हारी लागला आणि त्यांनी ताजमहाल बांधले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ‘कुत्र्यांना आणि हिंदी लोकांना मज्जाव’ अशी पाटी तिथे असल्याचेही ठासून सांगतात. या कथेला समकालीन पुराव्याचा भक्कम आधार मात्र नाही. टाटांना जवळून ओळखणारे पत्रकार लोव्हॅट फ्रेझर यांच्या लिखाणातून दिसते ते वेगळेच. आपल्या शहराला शोभेल असे हॉटेल असावे, त्यामुळे परदेशी माणसे मुंबईकडे ओढली जावीत, ही कल्पना टाटांच्या मनात बराच काळ घोळत होती. ही कारणमीमांसा टाटांच्या स्वभावाशी आणि त्यांच्या इतर कामांशी अधिक जुळते. पोलाद, वीज आणि विज्ञानसंस्था यांची स्वप्ने पाहणाऱ्या माणसाने एवढे मोठे भांडवल केवळ रागापोटी ओतले असे मानणे, हा त्यांच्या दूरदृष्टीवर अन्यायच आहे. अर्थात कथा खोटी ठरली तरी तिच्यामागची वस्तुस्थिती खोटी ठरत नाही. हिंदी पाहुण्याला वॉटसन्समध्ये स्थान नव्हते, आणि ताजमहालने ते दिले.

ताजमहाल 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झाले. त्याच्या आराखड्याचे काम सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या हिंदी वास्तुतज्ज्ञांकडे होते. वैद्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरे केले. विजेचे दिवे, उद्वाहने आणि समोर थेट बंदर यांपुढे तीस वर्षे जुने वॉटसन्स फिके पडले. विसाव्या शतकात ते हॉटेल म्हणून बंद पडले, इमारत वॉटसन कुटुंबाच्या हातून गेली, नाव आधी महेंद्र मॅन्शन आणि मग एस्प्लनेड मॅन्शन झाले.

हॉटेलच्या खोल्यांचे पुढे जे झाले ते मुंबईतल्या हजारो इमारतींच्या कहाणीशी जोडलेले आहे. शेजारी सत्र न्यायालय, पलीकडे उच्च न्यायालय, त्यामुळे वकिलांना इथली जागा सोन्यासारखी. खोल्यांत लाकडी पडद्या घालून चेंबर्स झाली, सज्जे आत घेऊन कचेऱ्या झाल्या, उंच छतांचा फायदा घेऊन पोटमाळे चढले. टंकलेखक आले, झेरॉक्सवाले आले, तळमजल्यावर दुकाने आणि खानावळी थाटल्या गेल्या, वरती काही बिऱ्हाडेही होती. मधला चौक, जिथे कधीकाळी नाच होत, तो अडगळीने भरला. या सगळ्याला भाडेकरूंचा हव्यास किंवा मालकांची अनास्था एवढेच कारण देणे सोपे आहे, पण अपुरे आहे. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. फाळणीच्या आणि स्थलांतराच्या त्या काळात गरिबाच्या डोक्यावर छप्पर राहावे म्हणून ते आवश्यकच होते. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मात्र पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकला. भाड्याच्या उत्पन्नातून रंगसफेदीही निघेना, तिथे लोखंडी सांगाड्याची निगा कोण राखणार? पागडीवर हात बदलत जाणाऱ्या जागेत आतली डागडुजी भाडेकरू करी, पण खांब, तुळया आणि छप्पर कुणाचेच नव्हते. दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या इमारतींची जबाबदारी पुढे म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे आली. पण मंडळाच्या यादीत अशा हजारो इमारती होत्या आणि त्यांतली ही एकच लोखंडी होती.

लोखंडाला मुंबईची हवा सोसत नाही. समुद्राकडून येणारा क्षार आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे त्याला नियमाने खरवडून रंग देणे हाच उपाय. रंग गेला की गंज चढतो, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि भोवतीच्या विटा व गिलावा फोडतो. फटीतून पाणी आणखी आत शिरते. फुटलेली मोरी, तुंबलेली पन्हळ, सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप यांची त्यात भर. बीड त्यातल्या त्यात टिकाऊ. घडीव लोखंडाच्या तुळया आणि त्यांचे बोल्ट आधी खंगतात. म्हणूनच या इमारतीत सर्वांत आधी दगा दिला तो पुढे झेपावलेल्या सज्ज्यांनी.

जून 2005 मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने धोक्यात असलेल्या शंभर जागतिक वास्तूंच्या यादीत या इमारतीचा समावेश केला. तिच्याकडे लक्ष वेधण्यात इटालियन वास्तुरचनाकार रेन्झो पियानो यांचा पुढाकार होता. महिना उलटायच्या आत, 1 जुलै 2005 रोजी, पश्चिमेकडच्या दर्शनी भागाचा काही अंश कोसळला. एका माणसाचा जीव गेला, खाली उभ्या असलेल्या गाड्यांचा चुराडा झाला. महापालिकेच्या वारसा यादीत इमारतीला श्रेणी दोन-अ मिळालेली होती. श्रेणीमुळे पाडकाम अडते. पण दुरुस्ती आपोआप होत नाही, आणि मधल्या काळात माणसे मरतात, ही वारसा-नियमांतली उणीव त्या दिवशी ढळढळीत दिसली. त्यानंतरही अनेक वर्षे इमारत वापरात होती. अखेर 2019 मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली ती रिकामी करण्यात आली.

मग वाद उभा राहिला तो पाडायची की राखायची याचा. आयआयटी मुंबईच्या अहवालाने इमारत पाडण्याची शिफारस केली. वारसा-जतनाचे काम करणाऱ्या तज्ज्ञांनी ती दुरुस्त होऊ शकते असे मत दिले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयासमोर गेले. दोन्ही बाजूंची काळजी खरी होती, कारण एका बाजूला रस्त्यावरून जाणाऱ्याचा जीव होता आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा न मिळणारी वस्तू. मात्र या वादात इमारतीच्या जातीचा विचार फार थोड्यांनी केला. जाड भिंतींची दगडी इमारत खचली तर तिचा भार दुसरीकडे वळवणे अवघड असते. इथे प्रत्येक खांब आणि प्रत्येक तुळई सुटा भाग म्हणून बनलेली आहे, बोल्टने जोडलेली आहे, आणि एकाच साच्यातून निघालेल्या भागांची रचना पुन्हा पुन्हा आलेली आहे. खंगलेला भाग टेकू देऊन काढता येतो, त्याच मापाचा नवा घडवता येतो, नंतर घातलेले पोटमाळे आणि पडद्या उतरवून सांगाड्यावरचे अनाठायी ओझे कमी करता येते. खर्चाचे आणि कौशल्याचे काम आहे, अशक्यातले नाही.

राखण्याचे कारणही सिनेमाच्या आठवणींपुरते नाही. लोखंडी सांगाड्याच्या ज्या वास्तूंशी हिचे नाते सांगितले जाते, त्यांतल्या कित्येक आता उरलेल्या नाहीत. लंडनचा क्रिस्टल पॅलेस 1936 मध्ये जळून गेला. गगनचुंबी इमारतींची आद्य जननी मानली जाणारी, 1885 ची शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग 1931 मध्ये पाडली गेली. फ्रान्समधल्या न्वाझिएल इथली मेनिए चॉकलेट कारखान्याची प्रसिद्ध लोखंडी इमारत शाबूत आहे आणि जपली जाते, पण ती 1872 ची, म्हणजे वॉटसन्सच्या नंतरची, आणि तीही कारखाना. भार भिंतीकडून काढून सांगाड्याकडे देण्याचा विचार माणसाच्या राहत्या घरापर्यंत कसा आला, हे प्रत्यक्ष वस्तूत पाहायचे तर जगात फार थोडी ठिकाणे शिल्लक आहेत. काळा घोड्यावरच्या या इमारतीत ओतशाळेतून आलेले मूळचे खांब, त्यांची नक्षीदार शीर्षे आणि तुळयांचे सांधे अजून जागच्या जागी आहेत. नंतरच्या भिंती आणि पोटमाळे उतरवले, की ऑर्डिशने काढलेली रचना मजल्यामजल्याला मोजता येईल आणि तिची रेखाटने करता येतील.